श्री न घातलेलं पत्र

मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला नसता, तर मी गोष्टी वाचायला शिकले नसते आणि कोरेगावाजवळच्या एका खेड्यातल्या मायलेकरांना जे भोगावं लागलं, तेही घडलं नसतं. असं मी कितीतरी वर्षं मनाला सांगत आले. पण दुसऱ्याच्या मोतीबिंदूवर खापर फोडून किती दिवस निभणार? चूक माझी होती, आणि ती मी मोठ्या हौसेनं केली होती.

हे मास्तर म्हणजे माझ्या वडलांचे स्नेही. सांगलीच्या पेठेत आमचं हळदीचं दुकान होतं. मास्तर नोकरीतून निवृत्त होऊन विश्रामबागेकडं राहायला गेले होते. त्यांच्याकडं मासिकांच्या बांधीव अंकांची आणि कथांच्या पुस्तकांची दोन कपाटं होती आणि वाचून दाखवणारं घरात कुणी नव्हतं. मी फायनल पास होऊन बसले होते. लग्न जमत नव्हतं, कारण बघायला आलेल्या मंडळींना मी उलट प्रश्न विचारत असे. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "त्यांना वाचून दाखवायला जात जा. नाहीतरी दिवसभर घरातल्यांशी भांडतच असतेस."

मला वाटलं होतं, आपण वाचायचं आणि म्हाताऱ्यानं ऐकत डुलक्या काढायच्या. पहिल्याच दुपारी त्यांनी मला दुसऱ्या ओळीवर थांबवलं.

"हे वाक्य पुन्हा वाच."

मी वाचलं.

"आता ते गाळून वाच. काय गेलं?"

"काही नाही गेलं," मी म्हणाले.

"मग खोड."

छापलेल्या गोष्टीवर लाल पेन्सिल चालवायची मला आधी भीती वाटली. महिन्याभरात त्याची चटक लागली. नावाजलेल्या जुन्या कथा, काही आपल्याकडच्या, काही परमुलखातून मराठीत आलेल्या, एकेक आम्ही आठ-आठ दिवस पुरवून वाचायचो. लेखक सुरुवातीला हवापाणी, घराणं, गावाचा इतिहास असं सांगत बसला की मास्तर मान हलवायचे. "नमनालाच घडाभर तेल. खोड." कधी याच्या उलट व्हायचं. 'तिनं कंदिलाची काच पुसली' एवढंसं वाक्य मी फुकटचं समजून गाळायची आणि पुढची सगळी गोष्ट लंगडी पडायची. मग मास्तर खूश. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकायची, म्हणून मी वेळेवर उठायला लागले की ते कुरकुरायचे, "गोष्ट अर्धी टाकून जेवायला जाणारी माणसं मी पाहिली नाहीत."

एका कथेवर आम्ही सगळ्यात जास्त दिवस घालवले. वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला नवरा दारात येतो आणि बायको त्याला इतकंच विचारते, पाणी तापवू का. बाकी साऱ्या कथेत तिच्या मनातलं एक अक्षर लेखकानं सांगितलेलं नाही.

"तरी तुला तिचं मन कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"पाण्यावरून."

"बघ. ज्याची गोष्ट, त्याला झाकून ठेवायचं. त्याच्या वस्तू तेवढ्या दाखवायच्या. वाचणारा शहाणा असतो."

हे मी वहीत उतरून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तेव्हा मला एकोणिसावं वर्ष लागलं होतं. जगात कुणाला ठाऊक नाही असं काहीतरी आपल्याला ठाऊक झालंय, अशा तोऱ्यात मी वावरत होते.

त्यानंतर मला कोरेगावच्या बाजूला एका गावात मुलींच्या शाळेवर नोकरी मिळाली. लढाई सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या गावात घराआड एक माणूस पलटणीत होता. देवळाच्या पारावर जितकी म्हातारी माणसं, तितकी पोरं समुद्रापलीकडं. त्यांची पत्रं यायची आणि ती वाचायला बायका माझ्याकडं यायच्या. मुलांच्या शाळेतल्या गुरुजींकडं जायला त्यांना संकोच वाटायचा. दुपारच्या सुट्टीत शाळेच्या पायरीवर मी वाचायची, मग उत्तर लिहून द्यायची. त्या सांगत ते पंधरा जणींचं सारखंच असे. वर श्री. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवीत जाणे. मग या काकाचा रामराम, त्या मामाचा रामराम, गाय व्याली, पाऊस झाला, पुन्हा सर्व खुशाल. मला लाल पेन्सिलीची फार आठवण यायची.

त्यातच ही बाई. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा पलटणीत, आणि ती दिराच्या घरात एका सोप्यात राहायची. मी तिला मावशी म्हणायची. वय पन्नाशीचं असेल, पण उन्हातान्हानं वाळून म्हातारी दिसायची. मुलानं तीन वर्षांत घर पाहिलं नव्हतं. त्यानं रजा काढून एकदा यावं, यापलीकडं तिला देवाकडं काही मागायचं नव्हतं. औंधच्या यमाईला ती तसं बोललीही होती.

एका दुपारी ती येऊन पायरीवर बसली आणि सांगायला लागली, "आवं बाई, लिवा. मी रोज जेवायच्या वक्ताला त्येचा पाट मांडती. त्येचं ताट वाढती. कोन बसनार त्येच्यावर? मग ती भाकर म्हशीला घालती. लिवा, आई लय वाट बघती. रजा काढून ये म्हनावं."

मी हातातली लेखणी खाली ठेवली. तीन वर्षं रोज मांडलेला रिकामा पाट! मास्तरांच्या कपाटातल्या कुठल्याही कथेला तोडीस तोड होता तो. आणि तो मी 'इकडील सर्व खुशाल'च्या चिखलात बुडवणार होते. मला ते पटेना. मी सरळ मधूनच सुरुवात केली.

'घरात रोज एक पाट मांडला जातो. त्यावर कुणी बसत नाही. ताट वाढलेलं असतं, भाकरी निवून जाते. मग ती म्हशीला घालतात. म्हैस रस्त्याकडं तोंड करून उभी असते. सोप्यात फार शांत आहे.'

एवढंच. वर श्री नाही, खुशाली नाही, आईचा आशीर्वाद नाही, आई हा शब्दच नाही. रजा काढून ये, हेही मी गाळलं. पाट दिसल्यावर वेगळं सांगायला कशाला पाहिजे, तो धावत येईल, अशी माझी खात्री. वाचणारा शहाणा असतो.

श्री नसलेल्या पत्राचा अर्थ काय होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. मी व्यापाऱ्याची मुलगी. वाईट बातमीचं पत्र दुकानात आलं की वडील ते उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचत, तिथंच फाडत आणि आंघोळ करूनच आत येत. असल्या पत्रावर श्री घालत नाहीत, त्यात खुशाली लिहीत नाहीत, हे लहानपणापासून पाहिलेलं होतं. पण लिहिताना मी त्या गावात नव्हतेच. मी माझ्या कथेत होते.

मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"लय ग्वाड लिवलंय," ती म्हणाली. मग, "पर बाई, मी कुठं हाय ह्यात?"

"तुम्हीच तर आहात, मावशी. दिसत नाही एवढंच."

"व्हय? बरं. तुमी शिकल्याल्या."

त्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. तिनं नेमकं बोट ठेवलं होतं आणि मी तिला शाळेतल्या पोरीसारखं गप्प केलं.

त्या दिवसांत आमच्याकडच्या टपालाचा काही नेम नव्हता. कुठं तारा तुटलेल्या, कुठं थैल्या अडकलेल्या. दोन-अडीच महिन्यांनी उत्तर आलं. मावशी ते पदराखाली धरून आली, पण तिच्या तोंडावर नेहमीचा आनंद नव्हता.

"पत्र दिराच्या नावानं घातलंय," ती म्हणाली. "दर खेपंला माझ्या नावानं येतंय. आसं का केलं आसंल त्येनं?"

मी पत्र उघडलं. अक्षर त्याच्या पलटणीतल्या कुण्या शिकलेल्या सोबत्याचं होतं, बोल मुलाचे. मी आधी मनात वाचलं.

'काकास रामराम. पत्र पावलं. वाचून फाडून टाकलं. आंघोळ केली, डोकं भादरलं. काय आजार झाला ते कुणी कळवलं नाही. दहाव्याला कावळा शिवला का? नसेल शिवला तर माझ्या नावानं बोला, शिवेल. तिच्या नावानं पाट मांडताय ते बरं करताय, वरीसभर मांडा. माझी रजा मंजूर झाली होती. ती मी दुसऱ्याला दिली, त्याची आई आजारी आहे. आता मला घाई नाही.'

 समोर ती बसली होती, जिचा कावळा शिवला का म्हणून तो विचारत होता, आणि मी कधी वाचायला लागते याची वाट बघत होती. मी काय करावं? मी खोटं वाचलं. तो खुशाल आहे, तुमच्या पत्रानं त्याला फार बरं वाटलं, तिकडं संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो तेव्हा त्याला आपल्या सोप्याची आठवण होते. भीती वाटत होती, तरी वाक्यं छान जुळत होती. हे सांगताना मला स्वतःचा राग येतो.

ती म्हणाली, "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळले. रचलेलं आठवेना. वारा राहिला, समुद्र आधी आला.

"मगाशी येगळं वाचलं तुमी," ती म्हणाली. "आन त्येनं म्हशीचं कसं इचारलं न्हाई? त्यो म्हशीचं इचारल्याबिगर ऱ्हात न्हाई. बाई, काय लिवलंय ते वाचा. माझं लेकरू बरं हाय न्हवं?"

म्हणजे तिला वाटत होतं, मुलाचंच काही बरंवाईट झालं. मग मात्र मी लपवाछपवी सोडली आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत खरं वाचलं. माझ्याच पत्रामुळं हे झालं, हेही सांगितलं. ती रागावेल, शिव्या घालेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"मी मेली व्हय," असं म्हणून ती हसली. "आसू द्या. आशी खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय म्हन्त्यात." मग हसणं ओसरलं.  "रजा दिली त्येनं दुसऱ्याला," ती म्हणाली. "हातातली रजा."

ते ऐकून मी रडले. तिनंच मला पदरानं डोळे पुसायला लावले आणि म्हणाली, "आता लिवा. म्या सांगती तसंच लिवा. तुमच्या मनाचं काय घालू नगा."

तिनं सांगितलं तसंच लिहिलं. वर मोठा श्री. आईचा आशीर्वाद तीन वेळा. मी जित्ती हाय, खाती-पिती, म्हस गाभन हाय, सर्व खुशाल, सर्व खुशाल. शेवटी तिनं माझ्या दौतीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. त्याच पायरीवर मी मनाशी शपथ घेतली, की यापुढं कुणाचंही पत्र लिहिताना पदरचा एक शब्द घालणार नाही आणि सांगितलेला एक शब्द गाळणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सांगलीला गेले तेव्हा हे सगळं मास्तरांना सांगितलं. आता त्यांना उजेड-अंधारापलीकडं काही दिसत नव्हतं. ते म्हणाले, "तू काय लिहिलं होतंस ते म्हणून दाखव." पत्र मला पाठ होतं. मी म्हटलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ती मला हवीच होती.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. "शेवटचं वाक्य काढ. शांत आहे हे सांगायला नको."

मी ताडकन उठले. एका माणसानं जिवंत आईसाठी डोकं भादरलं आणि यांना शेवटच्या वाक्याचं पडलंय! दारापर्यंत गेले खरी, पण मनातल्या मनात मी ते वाक्य काढून पाहिलं होतं, आणि मास्तरांचं बरोबर होतं. त्यांच्यावर मग मला धड रागावताही येईना. त्यानंतर मी त्यांच्याकडं फारशी गेले नाही.

मुलाचं उत्तर आलं ते आनंदानं उतू जाणारं. मेलेली आई उठली म्हणून त्यानं पलटणीत साखर वाटली होती. 'बाईनं लय फसवलं,' असं लिहिलं होतं. पुढं प्रत्येक पत्राच्या शेवटी तो एक ओळ माझ्यासाठी टाकायचा. बाईस सांगावं, गोष्ट लिहू नये. बाईस विचारावं, अजून कोण कोण मारलं. ते वाचताना मावशीला हसू आवरायचं नाही. मीही हसायची. बरं वाटायचं आणि कुठंतरी टोचायचंही. रजेची पाळी मात्र पुन्हा लवकर येत नव्हती. पाट रोज मांडला जात होता.

वर्ष उलटून गेलं. पुढच्या थंडीत मावशीला ताप भरला. छातीत कफ झाला आणि सहाव्या दिवशी ती गेली. मी तिच्या उशाशी होते. दुपारी शुद्ध होती तोवर, म्हैस कुणी पाजली का, म्हणून विचारत होती.

दहावं झाल्यावर तिचे दीर शाळेत आले. उन्हात उभे राहूनच म्हणाले, "बाई, पोराला कळवाय पायजे."

मी कागद घेतला. "आई वारल्या, असं स्पष्ट लिहू ना?"

"तसं उघड कोन लिवतंय व्हय," ते म्हणाले. "परमुलखात एकटा हाय त्यो. श्री घालू नगा, खुशाली लिवू नगा. आईची तब्येत लय बिघडलीया, रजा मिळाली तर ये, येवढंच लिवा. समजतंय त्येला."

रीत तशीच होती. सगळं गाव तसंच लिहायचं, आणि सगळ्यांना ते समजायचं. या एकालाच ते समजायचं नाही, हे मला त्या क्षणी दिसत होतं, आणि ते समजू नये अशी व्यवस्था मीच करून ठेवली होती. 'वारल्या' हा एक शब्द लिहायचा होता. पण पदरचा शब्द घालायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती. ती मोडून पुन्हा काही विपरीत झालं तर? तो म्हातारा माणूस उन्हात उभा होता, घरातलं सुतक नुकतं फिटलेलं, त्याच्याशी वाद घालायची माझ्यात हिंमत नव्हती. मी त्यानं सांगितलं तेवढंच लिहिलं. आयुष्यभर जी जीभ नको तिथं चालली, ती त्या दिवशी गप्प बसली.

दोन-अडीच महिने गेले. एका दुपारी मी मुलींना शुद्धलेखन घालत होते आणि दारात खाकी कपड्यातला एक उंच माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर लोखंडी ट्रंक, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कोरेगाव स्टेशनवरून चालत आला होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण हसण्यावरून ओळखलं. हसणं आईचं होतं.

"बाई, रामराम," तो म्हणाला. "वाटंतच शाळा लागली, म्हनलं आधी तुमास्नीच भेटावं. ह्या बारीला मी फसलो न्हाई. आमचा पत्र वाचनारा म्हनला, श्री न्हाई, आंगूळ कर. मी म्हनलं, थांब गड्या, ही आमच्या बाईची गोष्ट हाय. रजा तर आलीच हुती पाळीनं. हे बगा, आईला घोंगडं आनलंय. पलटनीतलं हाय, लय ऊबदार."

मुली खाली माना घालून बसल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं. मी जागेवरून उठले. कसं सांगावं हे मनात जुळवायला लागले आणि मग ते जुळवणं सोडून दिलं.

"तुमची आई वारली," मी म्हणाले. "अडीच महिने होऊन गेले. ताप आला होता. मी तिथं होते."

त्याचं हसणं लगेच गेलं नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी खरं सांगते आहे की रचून, ते तो माझ्या चेहऱ्यावर शोधत होता, आणि त्याला ते काही केल्या सापडत नव्हतं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं ट्रंक खाली ठेवली. मग माझ्याकडं पाठ केली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीसमोर वाकून विचारलं, "पोरी, तू सांग. खरं हाय?"

पोरीनं मानेनंच हो म्हटलं. तिचं त्याला पटलं.